म्हाळाक्काचे रिंगण

थोरल्या माळावर ज्या काळी वाट नव्हती, बांध नव्हता, आणि माणसापेक्षा गवताला अधिक मान होता, त्या काळची ही हकीगत आहे. ज्यांनी ती पाहिली ते आता नाहीत. ज्यांनी ऐकली त्यांनी ती पुढे सांगितली, आणि ती जशी हाती आली तशीच येथे दिली आहे.

कुसळवाडी तेव्हाही या माळाच्या कडेला होती. पावसाचे ढग या गावावरून जात, परंतु उतरत क्वचितच. जमिनीत दोन हात खणले की खडक लागे. तरीही गाव टिकून होते, कारण माळावर गवत होते. पवन्या होता, मारवेल होते, धोतराला आणि लुगड्याला चिकटून घरापर्यंत येणारी कुसळी होती. दसऱ्यानंतर गाव ते गवत कापी, गंजी रची, आणि त्या गंजींवर गुरांचे वर्ष निघे. गुरांचे निघाले म्हणजे माणसांचेही निघे. वारा मात्र या माळावर कधी थांबत नसे. तो गवताला एका जागी उभे राहू देत नसे, आणि गवताकडे फार वेळ पाहणाऱ्या माणसाचे मनही ठिकाणावर राहत नसे, असे म्हणतात.

अशा त्या माळावर एके वर्षी मेंढरांचा एक कळप आला. कळपाच्या पुढे एक उंच, वाळक्या अंगाची धनगरीण चालत होती. काखेत काठी, आणि दोन्ही हातांत लोकर कातायची चाती. पाय चालत होते तशी चातीही फिरत होती. तिचे नाव म्हाळाक्का. चालता चालता तिचे लग्न ठरले होते आणि चालता चालताच ती विधवा झाली होती. वाटेवर घालवलेल्या आयुष्याची तिने कधी तक्रार केली नव्हती. या खेपेस मात्र ती सरळ गोंदजी पाटलाच्या दारात येऊन उभी राहिली.

"पाटील, माझी सून केरा अवघडलीया," ती म्हणाली. "आदीची दोन बाळंतपणं वाटंवर झाली. दोन्ही लेकरं वाटंवरच पुरली. ही तिसरी खेप मला वाटंवर करायची न्हाई. माळाच्या कडंला ऱ्हाऊ द्या."

पाटलाने तिच्यामागे उभ्या असलेल्या केराकडे पाहिले. केराने मान खाली घातली होती. तिच्या शेजारी तिचा नवरा सिदू एका अशक्त कोकराला खांद्यावर घेऊन उभा होता.

"ऱ्हावा की," पाटील म्हणाला. "पर आक्का, गवत मोडलं तर गाव मोडंल. तुज्या मेंढरांस्नी त्ये सांगून ठिव."

"मेंढरांस्नी कळतंय. माणसांचं तुमी बगा."

पाटील हसला, आणि मुक्काम ठरला.

आता येथे धनगरांची एक रीत सांगितली पाहिजे. दिवस मावळला की ते मेंढरांभोवती गोल मेखा ठोकून दोरीचे जाळे लावतात. त्याला वाघर म्हणतात. मेंढरे रात्रभर त्या गोलात बसतात. त्यांच्या खुरांनी भुई तुडवली जाते, त्यांच्या मुताने गवताची मुळे भाजतात. म्हणून एका जागी वाघर एकच रात्र लावायची, हा नियम. सकाळी मेखा उपटायच्या आणि वाघर पुढे सरकवायची. तशी ती सरकली की भाजलेली जागा पावसाबरोबर पुन्हा हिरवी होते. म्हाळाक्काने हा नियम जन्मभर पाळला होता.

परंतु त्यांची दुसरीही एक रीत होती. बाळंतीण वाघरीच्या आत असावी. जाळ्याच्या आत माय-लेकरू असले म्हणजे लांडगा बाहेर राहतो आणि दृष्टही बाहेर राहते. आणि जोवर बाळंतीण आपल्या पायांनी बाहेर येत नाही, तोवर मेख हलवायची नाही.

केराच्या पोटात दुखू लागले तेव्हा या दोन रीती एकमेकींच्या आड आल्या.

गावची सुईण आवडाबाई धावत आली. जिभेची तिखट, हाताची मऊ, अशी तिची ख्याती होती. बाळ आडवे होते. एक दिवस गेला, दुसरा गेला. सिदू सकाळी उठून मेखांपाशी जाई आणि आईच्या तोंडाकडे पाही.

"आये, भुई तापाया लागली. वाघर हालवू का?"

"हात लावू नगंस."

"गवत जळंल, आये. पाटलाला सबूद दिलाय तू."

"गवत परत येतंय," म्हाळाक्का म्हणाली. "लेकरू परत येत न्हाई."

तिसऱ्या दिवशी मुलगी झाली. जगली. तिचे नाव धुरपा ठेवले. केराला मात्र ताप चढला, आणि ती आपल्या पायांनी जाळ्याबाहेर येईपर्यंत मेंढरे रोज त्याच रिंगणात बसत राहिली. अखेर वाघर उचलली तेव्हा खालची भुई तव्यासारखी काळी, घट्ट झाली होती. म्हाळाक्काने त्या भुईवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा उचलला, असे म्हणतात.

पाऊस आला. साऱ्या माळावर गवत आले. त्या रिंगणात आले नाही. म्हाळाक्काने जमीन उकरली, लेंडी घातली, बी फोकले. बी वाऱ्याने उडून गेले किंवा मुंग्यांनी नेले. रिंगण तसेच उघडे राहिले, आणि त्याच्या कडेचे गवत मात्र हातभर उंच झाले, जणू उघड्या भुईभोवती कोणी हिरवे कडे घातले होते.

एवढ्यावर भागते तर ही आख्यायिका झाली नसती. दुसऱ्या वर्षी दूर, ओढ्यापलीकडे, जेथे मेंढरू कधी बसले नव्हते तेथे तसेच एक रिंगण उमटले. मग टेकाडाखाली दोन उमटली. मग आणखी. सारी एकाच मापाची, एकाच वाघरीतून निघाल्यासारखी. सायंकाळी टेकाडावरून पाहणाऱ्याला वाटे की कोणी अदृश्य धनगर न दिसणारा कळप घेऊन माळावर मुक्काम करीत चालला आहे.

गाव अस्वस्थ झाले. गुरवाने नारळ फोडले. कोणी कोंबडे कापले. कोणी म्हणाले खाली वारूळ आहे, कोणी म्हणाले खाली वीज निजली आहे. खणून पाहिले, ना वारूळ निघाले, ना वीज. माणसांना झोप लागेना. ज्याचा बैल बसल्या जागेवरून उठायला वेळ लावी, तो त्याला शिव्या देऊन उठवू लागला. चावडीवर एकच विषय.

"म्हातारीनं वाघर उचालली, पर ठसा ऱ्हायला."

"ऱ्हायला कुटं? हिंडाय लागलाय की! मालकिणीचीच चाल घेतलीया त्येनं."

पाटलाने म्हाळाक्काला बोलावणे धाडले. ती आली, आणि चावडीच्या पायरीवर बसली. तिचे ते शेवटचे बसणे.

"आक्का," पाटील म्हणाला, "मी जागा दिली, तू सबूद दिलास. आता ह्यो माळ चंद्रावाणी डागाळला. उद्या कळप हालव. आन् जमलं तर तुजी रिंगणंबी संगट घिऊन जा."

लोक हसले. म्हाळाक्का हसली नाही. सिदूला वाटले, आई आता उठेल आणि पुन्हा वाट धरेल. तसे तिने आयुष्यभर केले होते. पण तिच्या डोळ्यांपुढे वाट नव्हती. केराच्या काखेतली धुरपा होती, आणि वाटेवर पुरलेली दोन मुले होती. कंबरेच्या पिशवीतून तिने बिरोबाचा भंडारा काढला. ती हळद मुठीत उचलली म्हणजे धनगराचा शब्द देवापाशी गहाण पडतो, हे चावडीवर सर्वांना ठाऊक होते. हसणे थांबले.

"माज्या रिंगणात गवत येईस्तवर मी भुईला टेकणार न्हाई," ती म्हणाली. "खायाला न्हाई, झोपाया न्हाई, मरायाबी न्हाई."

एवढे बोलून ती उठली. आणि भंडारा उचललेल्या माणसाला शपथ पुरी होईपर्यंत शिवेबाहेर घालवता येत नाही, ही त्या मुलखाची रीत. अशा रीतीने जिला आयुष्यभर कोठेतरी थांबायचे होते तिला थांबण्याची परवानगी मिळाली, आणि त्याच क्षणी तिचे बसणे गेले.

त्या दिवसापासून ती एका रिंगणाभोवतून दुसऱ्याभोवती चालत राहिली. आतली भुई रोज पाही, एखादा कोंभ दिसतो का म्हणून वाके, आणि पुढे जाई. भाकरी हातावर घेई. डोळा लागे तो काठीला टेकून, करकोच्यासारखा एका पायावर, असे म्हणतात. चाती मात्र थांबली नाही. धुरपा चालायला शिकली ती आजीच्या सुताचे टोक धरून.

आवडाबाई तिच्याबरोबर चार पावले चाले आणि धापा टाकीत थांबे.

"अगं बये, यम आला तर त्येला तरी बसून भेटशील, का त्येलाबी पळवशील?"

"त्यो दमला तर बसंल," म्हाळाक्का म्हणे. "त्येनं काय भंडारा उचाललाय?"

चालता चालता कातलेले ते सूत सिदूने सणगराकडे घोंगडी विणायला नेले. सणगर मुरलेला विणकर होता. त्याने चिंचोक्याची खळ चढवली, ताणा लावला, आणि दुसऱ्या दिवशी घोंगडी अर्धी टाकून तो स्वतः गावात आला.

"ह्या सुताला पाय हायती," तो सिदूला म्हणाला. "मागावर टिकंना. सांजला ताणा घट करून ठिवतो, तर सकाळी वीतभर सरकल्याला. कुनी कातलंय ह्ये?"

"आयेनं."

"तिला म्हनावं, एक येळ बसून कात."

शेवटी त्याने ती विणून दिली, पण तीही उभ्यानेच, माग भिंतीला बांधून, असे म्हणतात. घोंगडी काळी, दाट, सुरेख झाली. तिचा एकच दोष होता. अंथरली की तिचे एक टोक उचलले जाई, वारा असो वा नसो.

मग दुष्काळ आला. पावसाने पाठ फिरवली आणि पुढच्या वर्षीही तोंड दाखवले नाही. माळ हाडासारखा पांढरा पडला. गंजी संपल्या. गुरांच्या डोळ्यांत माश्या बसू लागल्या. ओढा आटला, विहिरी आटल्या; गावाला पुरेल एवढे पाणी एकाच विहिरीत राहिले. तेव्हा एके दिवशी म्हाळाक्का काठी टेकीत चावडीसमोर आली आणि बाहेरूनच ओरडली, "गुरं सोडा, पाटील! माज्या रिंगणांवर गुरं सोडा!"

लोक टेकाडावर गेले. खाली पांढऱ्या माळावर हिरवी कडी पडली होती. जेथे जेथे रिंगण, तेथे तेथे उघड्या भुईभोवती गुडघाभर गवत उभे होते. आत काही नाही, बाहेर काही नाही, मध्ये तेवढे एक कडे. गेल्या साऱ्या वर्षांत शिंतोडा पडला असेल-नसेल, तो त्या उघड्या भुईने स्वतः न पिता आपल्या कडेला पाजला होता, असे म्हणतात. कसे ते कोणी सांगू शकले नाही. म्हाळाक्कालाही सांगता आले नाही. ती एवढेच म्हणाली, "मुळं सोडून खाऊ द्या. रोज येक रिंगण. त्याच रिंगणावर गुरं दुसऱ्यांदा वळवू नगा."

त्या कड्यांवर गाव जगले.

गोंदजी पाटील तोवर म्हातारा झाला होता. तो माळावर तिला भेटायला गेला आणि तिच्याबरोबर चालू लागला, कारण ती थांबेना.

"आक्का, बस आता. गावानं तुजी शपथ माफ केली."

"गावापशी घेतली न्हवती, पाटील. मग गाव कसं माफ करणार?"

पाटलाने तिच्या पायांकडे पाहिले. ते सुजून उखळासारखे झाले होते. तो तिथूनच मागे फिरला.

परंतु गावातल्या बायांनी ते मनावर घेतले. आवडाबाई विहिरीवर उभी राहून म्हणाली, "जिनं आपली गुरं राखली, तिला ढुंगणाखाली चार काड्या मिळू नयेत? थू आपल्या जिनगानीवर!" मग प्रत्येक घराने आपल्या पिण्याच्या पाण्यातली एक घागर बाजूला काढली. बायांनी ओढ्याच्या तळाची गाळाची माती डोक्यावर वाहिली, पहिल्या रिंगणात पसरली, आणि तिच्यात मारवेलाचे ठोंब लावले. म्हाळाक्का तेव्हा दूरच्या रिंगणांवर होती. ती तिकडेच राहील अशी व्यवस्था केराने केली. मुले तहानेने रडत, आणि आया त्यांना ओला पदर चोखायला देत. पण रिंगणाची घागर चुकली नाही. ठोंब धरले. फुटले. ज्या भुईवर इतकी वर्षे एक काडी आली नव्हती ती हिरवी झाली.

म्हाळाक्काला आणले तेव्हा सारे गाव तेथे उभे होते. हिरवळीवर ती काळी घोंगडी अंथरली होती आणि धुरपा तिचे उचलले जाणारे टोक पायाने दाबून उभी होती. आता ती लग्नाच्या वयाची झाली होती.

"टेका आत्या," केरा म्हणाली. "गवत आलंय. तुमची शपथ सुटली."

म्हाळाक्काने गवत पाहिले. तिने चाती धुरपाच्या हातात दिली, काठी सिदूच्या हातात दिली, आणि दोन्ही गुडघे वाकवले. तिच्या गुडघ्यांचा आवाज साऱ्यांनी ऐकला. एक हात भुईला टेकला.

तेवढ्यात रिंगणाच्या कड्यावर चरणाऱ्या एका वासराने गवताला तोंड लावले, आणि गवत तुटण्याऐवजी सबंध चूड मुळासकट त्याच्या तोंडात आली. मुळे कोरडी होती. म्हाळाक्काने मान वळवली. आतली हिरवळ जेवढी वाढली होती, तेवढे भोवतालचे कडे पिवळे पडले होते. तिने पुढच्या रिंगणाकडे पाहिले. तेही पिवळे पडू लागले होते, आणि त्याच्या पुढचेही. पहिल्याचे पाहून साऱ्यांनी धीर सोडला होता, असे म्हणतात.

ती वाकलेली होती तशीच राहिली. मग जो हात भुईला टेकला होता त्याने तिने एक ठोंब धरला आणि उपटला.

बाया किंचाळल्या. केराने तिचे मनगट धरले.

"आत्या, येकडाव टेका! नुसतं येकडाव. शपथ सुटंल. मग समद्या मिळून उपटू."

"कोन उपटंल?" म्हाळाक्का म्हणाली. "मी बसल्यालं गवत उपटाया हात धजंल का कुनाचा? तुजा तरी धजंल का? मी टेकले की मला कुनी उटवायचं न्हाई, हितं कुकू वाहाल, चार दगड मांडाल, न्हाईतर देऊळ बांधाल. आन् देवळाखाली माळ मरंल."

ते खरे होते. आवडाबाईच्या कनवटीला कुंकवाची पुडी तयार होती.

"पर तुमी?" केरा म्हणाली. "तुमी कुटं टेकायचं मग?"

म्हाळाक्का ठोंब उपटीत राहिली. थोड्या वेळाने केरा तिच्याशेजारी वाकली आणि रडत रडत उपटू लागली. मग आवडाबाई वाकली, मग बाकीच्या. दिवस मावळताना भुई पूर्वीसारखी उघडी झाली. म्हाळाक्काने हात झटकले, सिदूकडून काठी घेतली, धुरपाकडून चाती मागितली.

"घोंगडी तुला," ती नातीला म्हणाली. "तुज्या पाळण्याची किंमत हाय ती. दाबून धरत जाऊ नगंस. उचलंल तवा उचलू दे."

आणि ती मावळतीकडे चालू लागली. सिदू तिच्यामागे गेला, परंतु तो धावला तरी दोघांमधले अंतर घटेना. टेकाडापलीकडे चातीचा आवाज काही वेळ येत राहिला. मग वाराच राहिला.

थोड्याच दिवसांत कडी पुन्हा हिरवी झाली आणि पुढच्या वर्षी पाऊसही आला. म्हाळाक्का मात्र आली नाही. तिला मेलेली कोणी पाहिली नाही. पण मावळतीच्या माळांवर, जेथे पूर्वी कधी नव्हती तेथे, दरवर्षी नवी रिंगणे उमटू लागली. त्या गावांचे मेंढपाळ बाजारात भेटले की कुसळवाडीच्या माणसांना सांगत, "तुमची म्हातारी अवंदा आमच्याकडनं गेली." कोणी त्यांना वेडे म्हणत नसे.

धुरपाने सुरू केलेली रीत कुसळवाडीत अजून आहे. दसरा झाला, गवत पिकले, आणि विळा लावायची वेळ आली की आदल्या दिवशी गावच्या बाया पहिल्या रिंगणापाशी जमतात. ज्या घरात बाळंतपण व्हायचे असेल त्या घरची सासू पुढे असते. त्या दिवशी सकाळपासून गावात कोणतीही बाई बसत नाही; दळण, चूल, जेवण, सारे उभ्याने. रिंगणात वर्षभरात एखादी काडी उगवली असेल तर ती हातानेच उपटतात. उपटताना प्रत्येक बाई "आक्का, माफ कर" एवढेच म्हणते, कारण तिची बसायची जागाच आपण उपटतो आहोत हे सर्वांना ठाऊक असते. तेथे दगड नाही, शेंदूर नाही, दिवा लावीत नाहीत. देऊळ बांधू म्हणणारे श्रीमंत भक्त अधूनमधून येतात; त्यांना पाणी पाजून परत पाठवतात.

मग स्वच्छ झालेल्या उघड्या भुईवर घोंगडी अंथरतात. मूळची केव्हाच विरली. तिच्यातले एक सूत पुढच्या घोंगडीत विणायचे, असे करीत ती आजवर आली आहे. पुढे असलेली सासू म्हणते, "बस, आक्का. दमलीस." साऱ्या बाया श्वास धरून घोंगडीकडे पाहतात. वारा असतो किंवा नसतो. काही वेळाने एक टोक हळूच उचलले जाते.

"न्हाई टेकली," सासू म्हणते. "बरं, चाल बाई, चाल."

घोंगडीची घडी घालून बाया मुकाट्याने घरी येतात. उंबरा ओलांडला की प्रत्येक बाई पहिल्यांदा भुईला टेकते, आणि टेकताना म्हणते, "ह्ये तुज्या वाटचं, आक्का." गुडघ्यांना तेवढा विसावा मिळतो न मिळतो, तोच दावणीची गुरे हंबरू लागतात, आणि ती उठते.